पाच घड्याळांचं घर

भूपाल मगदूम आमच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा माझी बायको जिवंत होती. आत स्वयंपाकघरात दोडक्याच्या शिरा काढत बसली होती. मी बाहेरच्या सोप्यात पेपर वाचत होतो. उंबऱ्यावर सावली पडली म्हणून मान वर केली.

"मुरदंडे मामा, बरं हाय न्हवं?"

"आमच्यात कुणी गेलेलं न्हाई," मी म्हणालो.

"ठाऊक हाय."

"मग घर चुकलं तुमचं."

"न्हाई चुकलं, मामा." त्यानं चपला काढल्या आणि भिंतीच्या कडेला एकाला एक लावून ठेवल्या. हातातली रेक्झिनची काळी पिशवी मात्र खाली ठेवली नाही.

इचलकरंजीत आमच्या बाजूला हा माणूस सगळ्यांना माहीत होता. राहायला जयसिंगपूरला. उंच, वाळका, कायम पांढरा शर्ट. जुनी आकड्यांची घड्याळं गोळा करायचा. काटे नसलेली, काचेत नुसते काळे आकडे दिसतात ती. आमच्या तरुणपणी ती नवी निघाली होती. ज्याच्या हातात असेल तो विनाकारण बाही वर करून हिंडायचा. पुढं ती कुणाला नकोशी झाली आणि कपाटात, ट्रंकेत, जुन्या पाकिटांबरोबर पडून राहिली.

मगदूमची रीत अशी होती. चौकात श्रद्धांजलीचा फलक लागला की तो थांबून फोटोखालचं वय वाचायचा. साठीच्या पुढचा माणूस गेला असेल, तर त्याच्या घरात एखादं घड्याळ निघणार, हा त्याचा हिशेब. तेरावं होऊ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी दारात उभा. लोक त्याला तेराव्याचा पाहुणा म्हणायचे. आमच्या शेजारची गोदाक्का सांगायची, त्याला घरातलं पाणी द्यायचं नाही. पाणी पाजलं की तो परत येतो.

मी त्याला एकदाच जवळून बघितलं होतं. धोंडीराम बुगड गेला तेव्हा. बुगड आणि मी एकाच मागाच्या शेडमध्ये जॉबर होतो, माग दुरुस्त करायचो. त्याच्या बायकोनं त्याचं घड्याळ आणून दाखवलं. ते अजून चालू होतं. मगदूमनं ते हातात घेतलं, पिशवीतून बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला, मागचं झाकण उघडलं आणि सेल काढला. काचेतले आकडे गेले. बुगडची बायको ओरडली, "आवो, चालू होतं की ते!"

"जुना सेल पाझरतोय, अक्का," तो म्हणाला. "आतलं सगळं खातोय. काढला म्हणून घड्याळ वाचलं."

बरोबर असेलही. पण ती रिकामी काच माझ्या डोक्यातून गेली नाही. आणि आता तोच माणूस तीच पिशवी घेऊन माझ्या घरात आला होता. मला एवढंच पाहिजे होतं की त्यानं जावं. प्रमिलानं त्याला बघायच्या आत जावं.

पण ती हात पुसत बाहेर आली.

"आलासा? बसा की."

"तू बोलावलंस ह्याला?"

"व्हय. मीच फोन केला."

"कशाला?"

"घड्याळं दाखवायला. घरात पाच पाच घड्याळं असताना माणूस दुसऱ्या कुणाला बोलवंल?"

"ह्यो माणूस कुठल्या घरात जातोय, ठाऊक हाय न्हवं तुला?"

"ठाऊक हाय. आज जित्या माणसाच्या घरात आलाय, तेवढाच त्यांनाबी बदल." ती मगदूमकडं बघून हसली. मगदूम हसला नाही.

मी आणखी बोलणार होतो. तेवढ्यात तिनं तिचं नेहमीचं वाक्य टाकलं, "तीन मिनिटं झाली. वाढवायची काय?"

प्रमिला टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. ट्रंक कॉल लावून द्यायचा, तीन मिनिटं मोजायची आणि मधी तोंड घालून विचारायचं, वाढवायची काय. त्यासाठी तिनं पहिल्या पगारातनं आकड्यांचं घड्याळ घेतलं. तिचं बघून बाकीच्या मुलींनीही घेतलं. पुढं लोक घरातूनच नंबर फिरवायला लागले, ट्रंक कॉल संपले, आणि त्या मुलींनी आपापली घड्याळं टाकून दिली. प्रमिलानं ती मागून घेतली. लीला पाटुकले, रेहाना, शशिकला आणि आणखी एक, तिचं नाव मी विसरलो. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती इतकी वर्षं होती. घरात माझा आवाज चढला की ती ते वाक्य बोलायची. मी गप्प बसायचो. तेव्हाही बसलो.

माझ्या कानांचं सांगायला पाहिजे. मी सगळं आयुष्य मागावर काढलं. मागाच्या खडखडाटानं माझे कान गेले, पण अर्धे. माणसाचं बोलणं येतं, ट्रक येतो, देवळातली घंटा येते. बारीक आवाज येत नाहीत. रातकिडे, चिमण्या, फोनची रिंग, ह्यांतलं काही नाही. प्रमिला म्हणायची, रातकिडे गाव सोडून गेले असं ह्यांना वाटतंय. शेडमध्ये सगळ्यांचीच ती गत. आम्ही तिथं ओठ बघून बोलायचो. ह्या टोकाच्या माणसानं त्या टोकाच्या माणसाला शिवी दिली तरी पोचायची, आणि तिकडून उलट शिवी यायची.

त्या उन्हाळ्यात प्रमिलानं डब्यातली घड्याळं बाहेर काढली होती. नवे सेल आणून घातले. एक हातात बांधलं. एक सोप्यातल्या खिडकीच्या चौकटीवर, एक स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला, एक देव्हाऱ्याशेजारी, एक पलंगाच्या उशाला. मी म्हणालो होतो, प्रदर्शन मांडलंस काय? ती म्हणाली, अहो, डब्यात मरतात ती. चालती ठेवली की जगतात.

मगदूम उठून घड्याळं बघायला लागला. हात लावायचा नाही, हात पाठीमागं बांधून नुसता वाकून बघायचा. खिडकीपाशी थांबला. मग आत गेला. मी त्याच्या मागं मागं. तो घड्याळ बघायचा आणि मग घड्याळाच्या आजूबाजूचं बघायचा. कॅलेंडरच्या खिळ्याखाली पाण्याचा माठ होता, तो बघितला. उशाजवळ तांब्या होता, तो बघितला. हा माणूस घड्याळं बघतोय का आमचं घर मोजतोय, मला कळेना.

"ह्या जुन्यात एकच गजर असतोय, मामी," तो म्हणाला.

"म्हणून तर पाच लागतात," प्रमिला म्हणाली.

मला वाटलं, छंदाची माणसं असंच काहीतरी बोलतात.

सोप्यात परत येऊन बसल्यावर त्यानं तिच्या हाताकडं बघितलं. बराच वेळ. मग म्हणाला, "पट्टा दोन भोकं आत आलाय."

रबराच्या पट्ट्यावर पहिलं बक्कल जिथं लागत होतं तिथं सुरकुती पडली होती. आता बक्कल तिथून आत लागत होतं. प्रमिलानं पदर पुढं घेऊन मनगट झाकलं.

मी तडकलो. "भाव पाडायचा असंल तर सरळ पाडा. पट्ट्यात खोट काढू नका. ती काय विकत न्हाई."

"मी भाव करतच न्हाई, मामा."

"मग काय करतासा? मेलेल्या माणसाची घड्याळं घेऊन काय करतासा? एवढं सांगा."

त्यानं पिशवी मांडीवर घेतली. "ठेवतो."

"कशाला?"

"पुढं लागतील म्हणून."

"कुणाला लागणार? पाच रुपयाला भंगारवाला घेत न्हाई. फोनात वेळ कळती."

"आज न्हाई घेत," तो म्हणाला. "आज जे कुणाला नको असतंय तेच मी घेतो. तांब्याची घागर अशीच मोडीत घातली लोकांनी, आता शोभेला शोधत्यात. ह्याचंबी तसंच हुणार. आता नवी घड्याळं आल्यात बगा मामा, हातात बांधली की तुमची नाडी मोजत्यात, किती चाललासा, किती झोपलासा, सगळं लिहून ठेवत्यात. माणूस घड्याळाकडं बघत न्हाई, घड्याळच माणसाकडं बघतंय. पंधरा-वीस वर्षं जाऊ द्या. माणसं कंटाळतील. नुसती वेळ सांगून गप बसणारं घड्याळ पाहिजे म्हणत हिंडतील. तवा ते करणारी माणसं नसतील, दुरुस्त करणारीबी नसतील. आणि उन्हात ठेवलेल्याची काच काळी पडलेली असंल. जेवढी नीट ठेवली तेवढीच ऱ्हातील."

"तोवर तुम्ही ऱ्हाणार काय?" मी विचारलं.

"न्हाई ऱ्हाणार कदाचित. घड्याळं ऱ्हातील."

"ऐकलंसा?" प्रमिला मला म्हणाली. "असा माणूस पाहिजे. तुम्हाला तर ह्यातली वेळसुदा लावता येत न्हाई. चार बटणं हाईत, चारीबी दाबतासा."

"लावायची कशाला? तू हाईस की."

मगदूमनं खाली बघितलं.

"कधी न्हेणार मग?" मी त्याला विचारलं. "आजच न्ह्या आणि मोकळं करा."

"घाई न्हाई, मामा," तो म्हणाला.

आवाज चढवून बोलला असता तर बरं झालं असतं. तो ते इतकं हळू बोलला की मला ओठांवरून वाचावं लागलं. फलकापुढं उभा राहून वय वाचणारा माणूस असंच म्हणत असेल.

"अहो," प्रमिला म्हणाली, "चहाला दूध न्हाई. तेवढं आणा की समोरनं."

"ह्याला चहा?"

"माणूस जयसिंगपूरहून आलाय."

"गोदाक्का काय म्हणती ठाऊक हाय न्हवं?"

"गोदाक्का तुमच्याबद्दल काय म्हणती ते सांगू काय? जावा."

मी गेलो. दुधाचं दुकान रस्त्याच्या पलीकडं होतं. पिशवी घेतली, पैसे दिले आणि वळलो. समोर आमची खिडकी उघडी होती. मगदूम खिडकीकडं पाठ करून बसला होता. त्याच्या डोक्याच्या बाजूला प्रमिलाचं तोंड दिसत होतं, उजेडात, स्पष्ट. मधी रस्ता, सायकली, सुताची बाचकी घेऊन जाणारे टेंपो. शेडमध्ये ह्याच्या दुप्पट अंतरावरनं मी माणसं वाचली होती.

चोरून वाचायचं माझ्या मनात नव्हतं. डोळे आपोआप वाचतात. पाटी दिसली की वाचली जाते तसं.

तिचे ओठ म्हणाले, "न्हाई. त्यांना ठाऊक न्हाई."

मी दुकानाच्या कट्ट्याला टेकलो.

त्यानं काहीतरी विचारलं असावं. त्याची पाठ तेवढी हलली. ती म्हणाली, "शिमग्याच्या आधीपासनं." मग, "मिरजेला दाखवलं. भिशीला जाते म्हणून जायची." मग पोटावर हात ठेवून, "गाठ काढता येणार न्हाई म्हणाले."

एक टेंपो मधी आला आणि थांबला. ड्रायव्हर कुणाशीतरी बोलत होता. मी त्याच्या पत्र्यावर थापा मारल्या. तो मला काहीतरी बोलला. ते मी वाचलं नाही. टेंपो हलला.

मगदूमनं एकदम मान वळवली होती आणि खिडकीच्या चौकटीकडं बघत होता. तिथलं घड्याळ वाजत असणार. मी त्या खोलीत रोज दुपारी बसायचो. ते रोज वाजत असणार. प्रमिला उठली, खिडकीपाशी आली, घड्याळाचं बटण दाबलं. मी दुकानाच्या खांबाआड झालो. तिनं चौकटीवरची चष्म्याची डबी उघडली. त्यात चष्मा नव्हता. गोळी काढून तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि तिथंच उभी राहून मगदूमकडं तोंड वळवून बोलली. आता ती अर्धी दिसत होती, पण पुरेशी दिसत होती.

"गजर फोनात लावला असता तर त्यांनी बघितलं असतं. ह्याचा आवाज त्यांना येत न्हाई. म्हणून तर ही काढली बाहेर."

पाच घड्याळं. एकेकात एक गजर. माठाजवळ एक, तांब्याजवळ एक.

मगदूमनं परत काही विचारलं.

"सांगितलं की ते माझ्याकडं बघायचं सोडून देतील," ती म्हणाली. "मयत बघितल्यागत बघत बसतील. त्यांच्या आईच्या वेळी बघितलंय मी."

माझी आई आजारी होती तेव्हा मी उन्हाळाभर तिच्या खाटेपाशी उभा असायचो. एक दिवस ती म्हणाली होती, असा बघू नको रे, मी अजून हाय. प्रमिला तेव्हा दारात उभी होती. तिनं ते लक्षात ठेवलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग ती हसली. ऑपरेटरच्या सुरात बोलली असणार, कारण मान तशीच तिरकी केली होती. "तीन मिनिटं झाली, मगदूम. वाढवून मिळणार न्हाईत." आणि थोड्या वेळानं, "दिवाळी. बहुतेक दिवाळीपर्यंत."

दुकानदारानं माझ्या खांद्याला हात लावला. "मामा, दूध गळाय लागलंय." मी पिशवी इतकी आवळली होती की तिचा कोपरा फुटला होता. त्यानं दुसऱ्या पिशवीत घालून दिली.

मला आत जाऊन ओरडायचं होतं. तिच्यावर नाही, त्याच्यावर. तिनं पोटच्या पोरीला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं नव्हतं, आणि चौकातले फलक वाचणाऱ्या माणसाला बोलावून सांगितलं होतं. पण रस्ता ओलांडताना दुसरंच मनात आलं. ह्या सगळ्या गावात एकच माणूस होता ज्याला सांगितल्यावर तो रडणार नव्हता. त्याला ह्याची सवय होती.

आणि मी ओरडलो तर पुढं काय? तिनं जे इतके महिने जपलं होतं ते एका मिनिटात संपणार होतं. मला तिच्याकडं कसं बघावं लागणार होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. आईकडं बघत होतो तसंच.

मी उंबऱ्यात पाय ठेवला. मगदूमनं माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं, मग खिडकीकडं, मग खिडकीतून दिसणाऱ्या दुधाच्या दुकानाकडं. मग परत माझ्याकडं. तो घड्याळाच्या आजूबाजूचं बघणारा माणूस होता. त्याला कळलं.

"जमलं काय तुमचं?" मी विचारलं. आवाज नीट आला.

"जमलं," प्रमिला म्हणाली. "हे न्हेणार हाईत घड्याळं. नंतर."

"बरं."

"नंतर म्हंजे कधी, विचारणार न्हाई काय?"

"घाई न्हाई म्हणाले की मघाशी," मी म्हणालो. "बसा मगदूम. चहा मी टाकतो."

"तुम्ही?" ती म्हणाली. "आज सूर्य कुठं उगवलाय?"

मी त्याला चहा दिला. आधी पाणी दिलं, मग चहा. पाणी पाजलं की तो परत येतो, हे मला ठाऊक होतं. येणारच होता. न पाजून थांबला नसता. त्यानं पेला दोन्ही हातांनी घेतला आणि सगळं पाणी प्यायला.

तो गेल्यावर प्रमिला दोडका चिरायला बसली. मी पेपर घेऊन तिच्यासमोर बसलो आणि वाचायचं सोंग केलं. तिच्याकडं जास्त बघायचं नाही आणि कमीही बघायचं नाही. पहिल्यासारखं बघायचं. मी आयुष्यात मागाचं काम केलं, बुगडबरोबर पोत्यानं सूत उचललं, पण त्या दिवसासारखं जड काम केलं नाही. ते काम मी दिवाळीपर्यंत केलं.

एक गोष्ट मात्र मला केल्याशिवाय राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रत्येक घड्याळाजवळ एक पेला पाणी भरून ठेवलं. खिडकीच्या चौकटीवर, देव्हाऱ्याशेजारी, कॅलेंडरखाली, उशाला. पाचवं तिच्या हातात होतं. त्यासाठी बाहेर अंगणातल्या कट्ट्यावर ठेवलं, कारण बाकीचा वेळ ती तिथं बसायची.

तिनं सगळे पेले बघितले.

"हे काय?"

"उन्हाळा हाय."

"जून संपत आला, अहो."

"मग पावसाळा हाय. असू दे."

गोळीची वेळ आली की मी काहीतरी काढून बाहेर जायचो. वेळ मी घड्याळांवर नाही, तिच्यावरून ओळखायला शिकलो. तिची मान किंचित वळायची. मी उठायचो, गोदाक्काच्या दारात जाऊन उभा राहायचो. गोदाक्का म्हणायची, बायकोशी भांडलासा काय? मी म्हणायचो, व्हय. परत आलो की पेला रिकामा असायचा. मी भरून ठेवायचो.

गौरी झाल्यानंतरची गोष्ट. ती अंगणात बसली होती. फार वाळली होती, आणि मी अजून तिला काही विचारलं नव्हतं, ह्याचं तिला काय वाटत असेल ते मला कळत नव्हतं. ती रिकामा पेला हातात फिरवत म्हणाली, "आमच्या खात्यात एक नियम होता. लोकं म्हणायची, ऑपरेटर चोरून ऐकत्यात. चोरून कशाला, ऐकू येतच होतं सगळं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा बाप गेला. पण मधी बोलायचं न्हाई. लाइन तोडायची न्हाई. नुसतं ऐकत बसायचं आणि वेळ मोजायची."

"कठीण काम," मी म्हणालो.

"लई कठीण," ती म्हणाली. "सगळ्यांना जमत न्हाई." आणि पेला माझ्या हातात दिला.

एवढंच. त्याच्यावर आम्ही दोघं कधीच काही बोललो नाही. वैजयंतीला, आमच्या मुलीला, नवरात्रात बेळगावहून बोलावून तिनं स्वतः सांगितलं. वैजू माझ्यावर भडकली. "बाबा, तुमच्या डोळ्यांपुढं होती की वो! तुम्हाला काहीच दिसलं न्हाई?" मी म्हणालो, न्हाई दिसलं. प्रमिला पलंगावरून माझ्याकडं बघत होती.

तिला दिवाळीच्या पुढं थोडी वाढवून मिळाली. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गेली, सकाळी.

चौकात फलक लागला. तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी मगदूम आला. त्यानं चपला भिंतीकडेला लावल्या. वैजूनं त्याला आत घेतलं नसतं, मी घेतलं. तो एकेक घड्याळ उतरवत गेला. मी त्याच्या हाताकडं बघत होतो. पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर निघेल म्हणून.

"सेल काढणार न्हाई, मामा," तो म्हणाला. "मामींचा शब्द हाय. ही चार चालती ठेवायची. माझ्याकडं एवढीच चालती असतील." मग खिडकीच्या चौकटीवरचं घड्याळ त्यानं माझ्यापुढं धरलं. "हे तुमचं. सेल संपत आला की मी येऊन बदलीन, तेबी ठरलंय. दुपारचा गजर बंद करू?"

"मला कुठं ऐकू येतंय? वाजू दे."

तेव्हापासून ते माझ्या हातात आहे. मगदूम येतो. सेल काढतो, काच रिकामी होते, मी दुसरीकडं बघतो. मग तो वेळ लावतो, दुपारचा गजर लावतो, चहा घेतो आणि जातो. मधे त्यानं सांगितलं, पुण्याहून एक मुलगी त्याचं कपाट बघायला आली होती. विशीतली. प्रमिलाचं हातातलं घड्याळ तिला पाहिजे होतं. नुसती वेळ सांगणारं पाहिजे म्हणाली. त्यानं दिलं नाही. पण माझ्याकडं बघून म्हणाला, "सुरू झालं, मामा."

गेल्या आठवड्यात तो आला. आता त्याचेही केस पांढरे झालेत. सेल बदलला, वेळ लावली, गजर लावला. घड्याळ माझ्या मनगटावर बांधायला घेतलं आणि थांबला. पट्ट्यावरच्या सुरकुतीवर त्याचा अंगठा होता.

"पट्टा एक भोक आत आलाय," तो म्हणाला.

"व्हय."

"वैजूताईंना ठाऊक हाय?"

"चहा घेणार न्हवं?" मी म्हणालो.

त्यानं बक्कल लावलं, माझ्या हाताला लागणार नाही अशा बेतानं. "घेतो की. घाई न्हाई."

मी आत जाऊन आधण ठेवलं. उकळी यायच्या आत त्यानं सोप्यातून बोट वर केलं. माझ्या हातातलं घड्याळ वाजत होतं. मी मनगट कानामागच्या हाडाला लावलं आणि घट्ट दाबून उभा राहिलो. एवढं दाबलं की येतं. लांब कुठंतरी मुंगी चालावी तसं. ते थांबेपर्यंत हात काढला नाही.

मग पेला भरला आणि खिडकीच्या चौकटीवर नेऊन ठेवला.